जिप्सीला टर्बो लावताय? ऑइल परत कसं येणार ते आधी ठरवा

टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा दाबणारा पंखा) बसला, गाडी भन्नाट पळाली, आणि आठवड्याभरात सायलेन्सरमधून निळा धूर यायला लागला. आता गॅरेजमधलं निदान ठरलेलं असतं : "टर्बोचे सील गेले." दुसरा टर्बो येतो, पैसे जातात, धूर तसाच. माझ्या पहिल्या जिप्सीवर मी हेच केलं. दोन टर्बो बदलले आणि दोन्ही चांगले निघाले. दोष होता ऑइल परत आणणाऱ्या पाइपात आणि टॅपेट कव्हरच्या (इंजिनाच्या माथ्यावरचं झाकण) ब्रीदरमध्ये, म्हणजे इंजिनातला गॅस बाहेर जायच्या वाटेत. दोन्ही कामं मी "शेवटी बघू" म्हणून उरकली होती.

पहिल्यांदाच असं काम हाती घेणाऱ्यासाठी हे लिहितोय. उदाहरण जिप्सीच्या १२९८ सीसी, १६ व्हॉल्व्ह जी१३बीबी इंजिनाचं घेतलंय. कंपनीने ते ८० बीएचपीसाठी आणि टर्बोशिवाय चालायला बनवलंय, म्हणजे ऑइल पुरवायची, परत घ्यायची आणि इंजिनाला श्वास घ्यायला लावायची सोय आपल्यालाच करायची आहे. दुसरं कुठलंही साधं पेट्रोल इंजिन असलं तरी तत्त्व तेच.

कायद्याचं आधीच सांगून टाकतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीतल्या नोंदीशी न जुळणारे बदल गाडीत करता येत नाहीत. त्यामुळे पुढचं सगळं ट्रॅकवर किंवा खासगी जागेतल्या ट्रेलवर चालणाऱ्या गाडीसाठी आहे असं समजा.

आधी हे डोक्यात बसवा

टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखभर फेरे सहज मारतो, छोटे टर्बो दोन लाखांपर्यंतही जातात. हा शाफ्ट ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. ऑइल वरून दाबाने येतं, बेअरिंगमधून जातं आणि खाली पडतं. 'पडतं' हा शब्द नीट वाचा. परतीच्या वाटेवर पंप नाही, ऑइल फक्त स्वतःच्या वजनाने खाली येतं. शिवाय बेअरिंगमधून निघताना त्यात हवा घुसळलेली असते, म्हणून ते ताकावरच्या फेसासारखं येतं आणि जागा जास्त खातं.

दुसरी गोष्ट, टर्बोचं सील म्हणजे क्रँकला असतं तसं रबरी ऑइल सील नव्हे. पिस्टनच्या रिंगसारखी एक छोटी रिंग असते आणि तिचं मुख्य काम गॅस अडवणं. मधल्या हाउसिंगमध्ये ऑइल तुंबून शाफ्टच्या उंचीपर्यंत आलं, तर ती रिंग नवीकोरी असली तरी ऑइल टर्बाइनमध्ये, म्हणजे टर्बोच्या एक्झॉस्टकडच्या पात्यांत, जाणारच.

मग ऑइल तुंबतं कशाने? एकतर परतीचा पाइप बारीक किंवा वाकडा असतो. नाहीतर खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँक फिरतो त्या पोकळीत, दाब तयार झालेला असतो. पिस्टनच्या रिंगांमधून थोडा गॅस कायम खाली निसटतो, त्याला आपण ब्लोबाय म्हणतो. टर्बो लावला की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि ब्लोबायही वाढतो. आता हिशोब करा. इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं त्या भांड्याला चेंबर म्हणतात. त्यातल्या ऑइलच्या पातळीपेक्षा टर्बो २० सेंटिमीटर वर आहे असं धरू. ऑइल पाण्यापेक्षा थोडं हलकं, म्हणजे तो स्तंभ साधारण १७ सेंटिमीटर पाण्याइतका जोर लावतो. हे झालं जेमतेम पाव पीएसआय. क्रँककेसमध्ये तेवढा दाब साठला की ऑइल पाइपातच उभं राहतं. आणि आपलं ऑइल फेसाळ, म्हणजे त्याहून हलकं. आपण आठ-दहा पीएसआय बूस्टच्या (टर्बोने इंजिनात भरलेल्या हवेच्या दाबाच्या) गप्पा मारत असतो आणि टर्बो धूर मारतो तो पाव पीएसआयमुळे.

पायरी १ : इंजिन लायक आहे का ते तपासा

जुन्या जिप्सीच्या रिंगा झिजलेल्या असतील तर पुढचं सगळं वाया जाईल. इंजिन गरम करा, चारही प्लग काढा, फ्यूएल पंपाचा फ्यूज काढा, इग्निशनचं कनेक्शन सोडवा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि कॉम्प्रेशन मोजा. आकडा किती आला यापेक्षा चारही सिलिंडर एकमेकांच्या जवळ आहेत का ते महत्त्वाचं. १० टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको.

त्यानंतर लीकडाउन टेस्ट. पिस्टन वरच्या टोकाला आणून प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडायची आणि किती टक्के निसटते ते बघायचं. १० टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम. २० च्या वर गेलं तर टर्बोचे पैसे रिंग-पिस्टनवर खर्च करा. कान लावून ऐका. ऑइल भरायच्या झाकणातून हवा येत असेल तर रिंगा, सायलेन्सरमधून येत असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे असतील तर हेड पॅकिंग.

तिसरी तपासणी फार थोडे लोक करतात, आणि मला तीच सगळ्यात आवडते. गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती पारदर्शक नळी तीन मीटर घ्या. एका फळीवर इंग्रजी यू आकारात बांधा, दोन्ही बाजू कमीत कमी ६० सेंटिमीटर उंच ठेवा, अर्ध्यापर्यंत शाई टाकलेलं पाणी भरा. डिपस्टिक काढून तिच्या नळीला एक टोक घट्ट बसवा, दुसरं मोकळं. दोन्ही बाजूंच्या पाण्यातला उंचीचा फरक म्हणजे क्रँककेसचा दाब. आयडलवर निरोगी इंजिनात तो शून्याच्या आसपास किंवा किंचित ओढणारा असतो. टर्बो लावायच्या आधीचा आकडा वहीत लिहून ठेवा. नंतर तुलनेला दुसरं काही मिळणार नाही.

पायरी २ : टर्बोला ऑइल देणं

हे सोपं आहे, तरी दोन जागी घात होतो.

ऑइल प्रेशर स्विचच्या जागी टी-जोड लावून तिथून लाइन काढतात. जपानी इंजिनांत तिथले आटे बहुतेक ब्रिटिश पाइप पद्धतीचे असतात, १/८ बीएसपीटी, म्हणजे इंचाला २८ आटे. बाजारात मिळणारे बरेच गेज आणि जोड अमेरिकन १/८ एनपीटीचे असतात, इंचाला २७. एका आट्याचा फरक. दोन फेरे हाताने छान बसतात, मग पाना लावला की ॲल्युमिनियमचे आटे फाटतात. जोड विकत घेताना मूळ स्विच खिशात टाकून न्या. आट्यांवर पांढरी टेफ्लॉन टेप गुंडाळू नका, तिचा तुकडा तुटून टर्बोच्या बारीक भोकात अडकला की बेअरिंग संपलं. पातळ थ्रेड सीलंट चालतं, तेही पहिले दोन आटे कोरडे सोडून.

लाइन स्टीलच्या जाळीची, आतून पीटीएफई (टेफ्लॉन) असलेली, एएन ४ मापाची पुरे (एएन हे होज आणि जोडांचं माप). ती एक्झॉस्टपासून लांब न्या आणि जिथे पत्र्याला घासते तिथे क्लिप मारा.

किती ऑइल द्यायचं हे टर्बोवर अवलंबून आहे. साध्या जर्नल बेअरिंगच्या (आत बॉल नसलेल्या) टर्बोसोबत मूळ बँजो बोल्ट (आतून पोकळ, ऑइल नेणारा) आला असेल तर तोच वापरा, कारण कंपनीने बऱ्याचदा माप त्या बोल्टच्या भोकातच ठेवलेलं असतं. बॉल बेअरिंग टर्बोला ऑइल कमी लागतं, इंजिनाचं प्रेशर ६० पीएसआयच्या वर जात असेल तर साधारण १ मिलिमीटर भोकाचा रिस्ट्रिक्टर लावतात. जर्नल बेअरिंगला तो लावला तर टर्बो उपाशी मरेल. धूर थांबत नाही म्हणून पुरवठ्याची लाइन आवळत जाणारे मेकॅनिक मी पाहिलेत. पाव पीएसआयचा दोष खाली आणि इलाज वर, असा तो प्रकार.

छोट्या डिझेल गाड्यांचे जुने टर्बो स्वस्तात मिळतात म्हणून अनेक जण तेच पेट्रोल इंजिनाला लावतात. त्यांना बहुतेक वेळा पाण्याचं कूलिंग नसतं. पेट्रोलचा एक्झॉस्ट डिझेलपेक्षा बराच गरम, पूर्ण जोरात ९०० अंशांच्याही वर जातो, आणि गाडी बंद केली की बेअरिंगमधलं ऑइल जळून कोळसा होतं. पाणी फिरणारा टर्बो घ्या. इथे वाचवलेले पैसे पुढे दुप्पट जातात.

पायरी ३ : परतीचा पाइप

घाई करायची असेल तर दुसरीकडे करा.

आतला व्यास कमीत कमी १६ मिलिमीटर, म्हणजे साधारण एएन १०. जागा असेल तर १९ घ्या. टर्बो असा फिरवून बसवा की ड्रेनचं तोंड सरळ खाली येईल, उभ्या रेषेपासून ३५ अंशांच्या पलीकडे कधीच नको. मी २० च्या आत ठेवतो. पाइप सतत उतरता हवा. मध्ये कुठे झोळ आला की तिथे ऑइल साचतं. रबरी होज एक्झॉस्टच्या उष्णतेने मऊ होऊन पिचकते, म्हणून टर्बोजवळचा तुकडा धातूचा आणि होज फक्त मधल्या थोड्या भागात ठेवा.

पाइप चेंबरमध्ये ऑइलच्या पातळीच्या वर उघडला पाहिजे. जिप्सीत आणखी एक भानगड आहे. ती चढते, उतरते, एका अंगावर कलते. सपाट जागेवर पातळीच्या वर असलेलं भोक चढावर ऑइलखाली जाऊ शकतं. गाडी रॅम्पवर चढवून डिपस्टिक बघा, कागदावर चेंबरचा आकार काढा, पातळीची रेघ तिरपी मारा आणि मग जागा ठरवा. क्रँकचं वजन जिथे ऑइल भिरकावतं त्याच्या अगदी समोरही भोक नको.

चेंबर गाडीवर असताना ड्रिल मारू नका. ग्रीस लावलेला ड्रिल बिट, खाली लोहचुंबक, हे सगळे जुगाड मी ऐकलेत. चुरा आत जातोच. चेंबर उतरवा, जाड बुश वेल्ड करून घ्या आणि रात्रभर केरोसीन भरून ठेवा. सकाळी बाहेरून डाग दिसला तर वेल्डिंग परत. ऑइल पंपाच्या पिकअपची जाळी तशीही समोर आलेली असते, तीही धुवून घ्या.

आता माझी चूक. पहिल्या टर्बोच्या ड्रेनला मी पॅकिंगसोबत भरपूर सिलिकॉन लावलं होतं. बोल्ट आवळल्यावर ते आत पिळून आलं आणि भोक अर्धं बुजलं. वर पॅकिंगचं भोकही पोर्टपेक्षा लहान. टर्बो बदलला, पॅकिंग तेच वापरलं, सिलिकॉन पुन्हा लावलं. दोन चांगले टर्बो असे उगाच बदलले. ड्रेनला कोरडं पॅकिंग लावा आणि ते पोर्टवर धरून उजेडात बघा, कड कुठेही आत डोकावत नाही ना.

टर्बो इतका खाली बसतोय की ड्रेनला उतारच मिळत नाही, अशी स्थिती असेल तर ऑइल ओढणारा वेगळा स्कॅव्हेंज पंप लागेल. पहिल्या कामात हा रस्ता टाळा आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड बदलून टर्बो वर घ्या.

पायरी ४ : इंजिनाचा श्वास

मूळ व्यवस्था कशी चालते ते बघा. टॅपेट कव्हरमधून एक वाट पीसीव्ही व्हॉल्व्हमार्गे (क्रँककेसमधला गॅस मापून सोडणारा व्हॉल्व्ह) इनटेक मॅनिफोल्डला जाते. आयडलला मॅनिफोल्डमध्ये निर्वात असतो, तो क्रँककेसमधला गॅस ओढून जाळायला पाठवतो. दुसरी नळी एअर फिल्टरनंतरच्या पाइपला जोडलेली, तिच्यातून ताजी हवा आत येते. पूर्ण थ्रॉटलला मॅनिफोल्डची ओढ संपते, आणि गॅस जास्त झाला की तो दुसऱ्या नळीतून उलटा बाहेर येतो.

टर्बो लावल्यावर बूस्टमध्ये मॅनिफोल्डची ओढ जाऊन तिथे दाब येतो. साधा पीसीव्ही व्हॉल्व्ह हा दाब नीट अडवत नाही. म्हणजे आपणच कष्टाने बनवलेला बूस्ट टॅपेट कव्हरमधून क्रँककेसमध्ये भरतो. मग डिपस्टिक उडते, क्रँक सील गळतं, टर्बो धूर मारतो. म्हणून पीसीव्ही आणि मॅनिफोल्ड यांच्यामध्ये एक चांगला वन-वे व्हॉल्व्ह लावा. मूळ पीसीव्ही मात्र काढू नका. आयडलला हवा मापून सोडायचं काम तोच करतो. नुसता वन-वे लावलात तर मॅनिफोल्डला मोठं भोक पाडल्यासारखं होईल आणि आयडल नाचेल. वन-वे व्हॉल्व्ह मॅनिफोल्डच्या बाजूने तोंडाने फुंकून बघा. थोडी जरी हवा गेली तरी टाकून द्या. गरम झाल्यावर प्लॅस्टिकचे स्वस्त व्हॉल्व्ह वाकतात, म्हणून वर्षाला एकदा परत फुंका.

दुसरी नळी टर्बोच्या तोंडाला, एअर फिल्टर आणि कॉम्प्रेसर (टर्बोची हवा दाबणारी बाजू) यांच्या मधल्या पाइपला जोडा. बूस्टमध्ये तिथे हलकी ओढ असते, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हा मदत मिळते. पण हा गॅस ऑइलची वाफ घेऊन येतो. ती इंटरकूलरमध्ये (टर्बोची गरम हवा थंड करणारी जाळी) चिकटते आणि सिलिंडरमध्ये गेली की पेट्रोलची ऑक्टेन ताकद कमी करते. टर्बो इंजिनात नॉक (पेट्रोलचं सिलिंडरमध्ये अवेळी भडकणं) म्हणजे पिस्टनचा जीव, म्हणून मध्ये ऑइलची वाफ अडवणारा डबा, म्हणजे कॅच कॅन, हवाच.

ऑनलाइन मिळणारे चकचकीत कॅन बऱ्याचदा आतून रिकामे डबे असतात. आत आडव्या पट्ट्या किंवा जाळी हवी, म्हणजे वाफ आपटून थेंब होईल. जाळी म्हणून भांडी घासायची साधी तारेची घासणी भरू नका, तिचे तंतू तुटून थेट कॉम्प्रेसरच्या पात्यांवर जातात. स्टेनलेस स्टीलची जाळी भोकं पाडलेल्या दोन प्लेटांमध्ये पक्की दाबून बसवा. दोन्ही तोंडं कमीत कमी १६ मिलिमीटर, आणि टॅपेट कव्हरच्या तोंडापेक्षा लहान तर नकोतच. वाटेत एक जागा बारीक असली की सगळी व्यवस्था तेवढीच बारीक. टॅपेट कव्हरच्या आतला पत्र्याचा आडोसाही उघडून स्वच्छ करा. तो चिकटला असेल तर बाहेर कितीही जाड होज लावा, उपयोग नाही.

होज निवडताना रेडिएटरचा उरलेला तुकडा वापरायचा मोह होतो. ते रबर ऑइलने फुगून लिबलिबीत होतं. रंगीत सिलिकॉन होज दिसायला झकास, पण त्यातून ऑइल पाझरतं. ऑइलसाठी बनलेली नायट्राइल रबराची होज घ्या. वळणावर ती ओढीने चिपकत नाही ना, हे बोटांनी दाबून बघा.

कॅनला छोटा फिल्टर लावून गॅस हवेत सोडणारे खूप आहेत. सोपं वाटतं, पण ओढ मिळत नाही, केबिनमध्ये वास येतो आणि ऑइलचे थेंब तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर पडले तर आग लागू शकते. चिखलाच्या ट्रेलवर तो फिल्टर बंद झाला की पुन्हा पहिल्यापासून दाब. बंद व्यवस्थाच करा.

पायरी ५ : ऑइल कुठलं आणि किती

फुल सिंथेटिक ५डब्ल्यू-४०. गरम झाल्यावर टिकणारा थर हवा म्हणून ४० ग्रेड. पातळी डिपस्टिकच्या दोन खुणांच्या मध्ये. "टर्बो आहे, अर्धा लिटर जास्त टाक" हा सल्ला ऐकू नका. जास्त भरलं की क्रँक ऑइल घुसळतो, फेस वाढतो आणि परतीचं भोक बुडतं. ऑइलचं तापमान ९० ते ११० अंश ठीक. १३० ला पोचत असेल तर थर्मोस्टॅटसकट ऑइल कूलर लावा. बदल दर ३,००० किलोमीटरला किंवा दोन इव्हेंटनंतर, आधी येईल ते.

पायरी ६ : पहिला स्टार्ट

टर्बोच्या वरच्या भोकात थोडं स्वच्छ ऑइल ओता आणि पातं हाताने फिरवा. परतीचा पाइप खालून काढून एका डब्यात सोडा. फ्यूएल पंपाचा फ्यूज आणि इग्निशन काढून दहा-दहा सेकंद सेल मारा, मध्ये थांबत. डब्यात ऑइलची धार आली की समजा लाइन भरली. मग पाइप जोडा, स्टार्ट करा, पाच मिनिटं आयडल. रेस अजिबात मारायची नाही. बंद करून पातळी बघा, फिल्टर आणि टर्बोत गेलं तेवढं भरा.

यानंतर पाण्याची नळी परत बाहेर काढा. ती केबिनमध्ये आणा, शेजारी मित्राला बसवा आणि लांब चढावर पूर्ण बूस्टमध्ये फरक वाचायला सांगा. ५ सेंटिमीटरच्या आत असेल तर मी निवांत झोपतो. १२ च्या पुढे गेला तर बूस्ट कमी करून ब्रीदर तपासतो. हे माझे आकडे आहेत, तुमचा टर्बो वर असेल तर थोडी सूट मिळेल.

धूर आलाच तर

टर्बो सोडवू नका. आधी टॅपेट कव्हरवरची ब्रीदर नळी काढून तात्पुरती एका बाटलीत सोडा, इनटेककडचं तोंड बंद करा आणि चालवा. धूर थांबला तर टर्बो निर्दोष, दोष श्वासात. थांबला नाही तर ड्रेन उघडून भोक आणि पॅकिंग बघा. उतारावर ॲक्सिलरेटर सोडल्यावर धूर येत असेल तर व्हॉल्व्ह सीलकडे वळा. बराच वेळ आयडलला ठेवून रेस मारल्यावर ढग आला तर ड्रेन किंवा व्हॉल्व्ह सील. एअर फिल्टर धुळीने भरलेला असेल तर कॉम्प्रेसरच्या तोंडाची ओढ वाढते आणि ती ऑइलही ओढते, म्हणून तोही बघून घ्या. ही सगळी यादी संपल्यावर टर्बोच्या शाफ्टला हात लावा.

पावसाळ्यात ऑइलच्या झाकणाखाली पिवळसर लोण्यासारखा थर दिसला की लोक हेड पॅकिंग गेलं म्हणून घाबरतात. छोट्या फेऱ्या आणि दमट हवा असेल तर ते बहुतेक वेळा वाफेचं पाणी असतं. कूलंटची पातळी आठवडाभर बघा, ती हलत नसेल तर इंजिन एकदा नीट तापवून चालवा. कॅनमध्येही या दिवसांत ऑइलपेक्षा पाणी जास्त साठतं, म्हणून जून ते सप्टेंबर दर आठवड्याला रिकामा करा. निघालेलं परत इंजिनात ओतायचं नाही.

पहिल्या ५०० किलोमीटरनंतर ऑइल आणि फिल्टर बदला. जुना फिल्टर कापून कागद उलगडा, उन्हात धरून चमक दिसते का बघा. कॅनमधून किती मिली निघालं ते त्याच वहीत, पाण्याच्या नळीच्या आकड्याशेजारी लिहा. पुढच्या वेळी मिली वाढलं आणि नळीचा आकडा तोच असेल तर कॅनची जाळी तपासा. दोन्ही वाढले असतील तर परत लीकडाउन टेस्टचा गेज काढा.